मराठीत क्विअर पॉप गाणं बांधताना: क्रियापदापासून कोरसपर्यंत

मराठीत गाणं लिहायला घेतलं की पहिल्याच कडव्यात भाषा विचारते, तू कोण, बाई की पुरुष? ‘आलो’ की ‘आले’? ‘एकटा’ की ‘एकटी’? बंगाली, फारसी किंवा इंग्रजीत गाणाऱ्याला क्रियापद हा प्रश्न विचारत नाही. मराठीत साधं ‘घरी आलो’ म्हणायचं तरी आधी उत्तर द्यावं लागतं. बाई-पुरुषाच्या ज्या साच्यात बसत नाही म्हणून क्विअर माणसाला, म्हणजे ज्याचं लिंग किंवा प्रेम त्या साच्याबाहेरचं आहे त्याला, घरात, शाळेत, रस्त्यावर मार खावा लागतो, तोच साचा आपल्या भाषेत शब्दाच्या शेवटच्या अक्षरात बसलेला आहे. भाषण ऐकून तो हलत नाही, कारण भाषण दुसऱ्याचं असतं. पॉप गाणं मात्र ऐकणारा स्वतःच्या तोंडानं गुणगुणतो. म्हणून लिहिताना सतत एकच गोष्ट तपासायची: अनोळखी माणसाच्या तोंडात आपण कोणते शब्द ठेवतो आहोत?

आधी एक वाक्य पकडा

‘समाजाचा अन्याय’ या विषयावर गाणं होत नाही, निबंध होतो. त्याऐवजी कागदावर दहा वाक्यं लिहा, जी माणसाला साच्यात ढकलण्यासाठी रोज वापरली जातात. ‘बायकांसारखा काय रडतोस.’ ‘मुलीच्या जातीला शोभत नाही.’ ‘नीट चाल.’ ‘लोक काय म्हणतील.’ त्यातलं एकच निवडा आणि सगळं गाणं त्याच्याभोवती फिरू द्या. ‘नीट चाल’ हे वाक्य घेतलं तर गाणं चालण्याबद्दल होतं: चप्पल, रस्ता, कंबर, मागून येणारी शीळ. तपशील आपोआप सापडतात.

निवडलेलं वाक्य टाळ्या वाजवत दहा वेळा म्हणून पाहा. मात्रा छापील मजकुरावरून मोजू नका, बोलण्यावरून मोजा. ‘बायकांसारखा काय रडतोस’ हे बोलताना सात ठोक्यांत बसतं: बाय, कां, सार, खा, काय, रड, तोस. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना गळतो. तो लांब सुरावर आला की गाणारा ‘घरऽऽ’ असं ओढतो आणि पॉप गाणं एकदम जुन्या नाटकातल्या पदासारखं ऐकू येतं. लांबवायच्या जागी आ, ई, ओ असे दीर्घ स्वर ठेवा.

टोमणाच हूक, म्हणजे कानात अडकून राहणारी ओळ, करायचा मोह होतो, आणि तो वाईट नाही. फक्त एक अट पाळा. हिणवणारा शब्द ध्रुवपदात घेतला तर तो सगळी गर्दी म्हणणार आहे, ज्यांना तो कधी लागलेला नाही तेसुद्धा. ज्यांच्यावर तो शब्द फेकला गेला त्यांनी स्वतः तो उचलला असेल तरच तो ध्रुवपदात ठेवा. नाहीतर त्याची जागा कडव्यात, आणि तीही एकदाच.

लिंग सांगायचं, झाकायचं, की मधेच बदलायचं

हे तिन्ही मार्ग खुले आहेत आणि प्रत्येकाचं हत्यार वेगळं आहे.

झाकायचं असेल तर मराठीत वाटतं त्यापेक्षा बरीच जागा आहे. भविष्यकाळ उघडा पडत नाही: मी येईन, तू येशील, मी गाणार. आज्ञार्थ नाही: ये, बस, ऐक. ‘मी आहे’ नाही; पण ‘मी होतो’ आणि ‘मी होते’ लगेच वेगळे पडतात. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, त्यामुळे ‘मी दार उघडलं’, ‘मी नाव बदललं’, ‘मी केस वाढवले’ ही वाक्यं कुणीही म्हणू शकतं. ‘माझा, माझी, माझं’ हे वस्तूचं लिंग सांगतात, माणसाचं नाही. समोरच्याबद्दल बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ अडवतात, ‘ते’ आणि ‘त्या’सुद्धा अडवतात, पण त्यांना, त्यांनी, त्यांचं, त्यांच्यासाठी ही रूपं सगळ्यांना एकच आहेत. आणि ‘आम्ही गेलो’ हे मुलींचा घोळका जितक्या सहज म्हणतो तितकंच मुलांचाही.

फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. बोलणे, विसरणे, शिकणे, समजणे, जेवणे ही क्रियापदं सकर्मकासारखी वाटतात, पण भूतकाळात कर्त्याचं लिंग सांगून टाकतात: मी बोललो, मी विसरले. ‘म्हणालो’ही तसंच. त्याच्या जागी ‘मी म्हटलं’ घ्या, अडचण मिटते. चालू वर्तमानकाळात ‘मी येत आहे’ हे रूप मोकळं आहे, पण पॉप गाण्यात ते सरकारी घोषणेसारखं वाजतं. बोलीतलं ‘येतोय’, ‘येतेय’ गोड लागतं आणि उघडं पडतं. तिथं काळच बदलावा, ‘येणार’ करावं. विशेषणांत एकटा, वेडा, मोकळा ही बदलणारी. उदास, जिवंत, शांत, आनंदी, बिनधास्त ही न बदलणारी.

आता यातली खरी खोच. लिंग झाकायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ‘मला’ची वाक्यं. ‘मी घाबरलो’च्या जागी ‘मला भीती वाटली’, ‘मी रडले’च्या जागी ‘मला रडू आलं’. पण ‘मला’च्या वाक्यात माणूस काही करत नाही, त्याच्या बाबतीत गोष्टी घडतात. सगळं गाणं ‘मला’वर चाललं तर गाणारी व्यक्ती शेवटपर्यंत सोसतच राहते. हिंसेविरुद्धच्या गाण्यात हा मोठा दोष आहे, आणि तो ऐकणाऱ्याला नेमका सांगता येत नाही. त्याला फक्त गाणं रडकं वाटतं. म्हणून वाटणी अशी करा: कडव्यात जे घडलं ते ‘मला’मध्ये, ध्रुवपदात जे करणार ते ‘मी’मध्ये.

दार लोटून ठेव, मी येणार
तुझी हाक आली की ओ देणार

या दोन ओळी कुणीही, कुणालाही म्हणू शकतं, आणि तरीही त्यात माणूस उठून चालायला लागलेला आहे.

दुसरा मार्ग सरळ सांगण्याचा. बाईनं बाईला ‘ती’ म्हणून गावं, पुरुषानं पुरुषाला ‘तो’. इथं सूचकपणा गाणं मारतो. ‘ती’ पहिल्या चार ओळींत, सुटा आणि ठोक्यावर आला पाहिजे. तिसऱ्या कडव्यात हळूच आला तर लोक ती मैत्रीण, बहीण किंवा आई समजून मोकळे होतात. पुरुषानं बाईच्या आवाजात लिहिणं मराठीला नवं नाही, संतांच्या गौळणी आणि विरहिणी आहेतच. पण तिथं तो ‘मी’ भक्तीनं उसना घेतलेला असतो. इथला ‘मी’ गाणाऱ्याचा स्वतःचा आहे, आणि ते पहिल्या ओळीपासून ऐकू आलं पाहिजे.

तिसरा मार्ग सगळ्यात अवघड आणि आमच्या मते सगळ्यात सुंदर: गाणं चालू असतानाच क्रियापद बदलायचं. पहिल्या कडव्यात ‘आलो’, शेवटच्या कडव्यात ‘आले’. अडचण यमकाची येते, कारण ‘लो’ला जुळवलेले शब्द ‘ले’ला जुळत नाहीत. उपाय जुना आहे. यमक शेवटच्या शब्दात ठेवूच नका, त्याच्या आधीच्या शब्दात ठेवा:

मान खाली घालत आलो, आरशाला टाळत आलो

आणि शेवटी

केस मोकळे सोडत आले, कुलूप जुनं तोडत आले

चाल तीच राहते, यमकही टिकतं, आणि बदललेलं एक अक्षर कानाला लख्ख लागतं. हा बदल ब्रिजनंतर, म्हणजे शेवटाकडे येणाऱ्या वेगळ्या चालीच्या तुकड्यानंतर करा. आधी केला तर ऐकणाऱ्याला गाणाऱ्याची चूक वाटते. ‘आलो’ कानात निदान चार वेळा बसलेलं असावं लागतं.

नपुंसकलिंगाबद्दल एक खबरदारी. ‘ते आलं’ हे रूप माणसाला हिणवायला वापरलं जातं. एखादी व्यक्ती स्वतःसाठी ते निवडत असेल तर ते तिचं. दुसऱ्याबद्दल लिहिताना ते आपण देऊ नये. आणि ‘बाईनं ‘येतो’ म्हणणं मराठीच नाही’ असं कुणी म्हणालं तर त्यांना कोल्हापूरकडच्या बोलीची आठवण द्या. तिथं कितीतरी बायका-मुली सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात.

मार कडव्यात, ध्रुवपदात नाही

हिंसेचं वर्णन पूर्ण गाण्यात चार ओळींपेक्षा जास्त नको, आणि ते जखमेचं नको. जागा, वेळ, एखादी वस्तू पुरते: तुटलेली बांगडी, मुद्दाम उघडं ठेवलेलं शाळेच्या स्वच्छतागृहाचं दार, कापून फेकलेली वेणी. जखमेचं वर्णन ऐकणाऱ्याला प्रेक्षक बनवतं. वस्तू त्याला त्या खोलीत उभं करते.

मारणाऱ्याला नाव देऊ नका आणि चांगली चालही देऊ नका. गर्दी चाल पकडते, अर्थ नंतर कळतो, कधी कळतही नाही. धमकीची ओळ जर गाण्यातली सगळ्यात आकर्षक ओळ झाली असेल तर ती काढा किंवा सुरावरून उतरवून नुसती बोला. थप्पड, काच फुटणं, किंकाळी असे आवाज ट्रॅकमध्ये टाकू नका. ज्यांच्यावर हे बेतलं आहे त्यांना तो आवाज अचानक, हेडफोनमधून, कानाच्या आत येऊन आदळतो, आणि तेच या गाण्याचे पहिले श्रोते आहेत. त्या जागी शांतता जास्त बोलते: ठेका पूर्ण दोन बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे दोन गट, थांबवा आणि फक्त श्वास ठेवा.

दुसऱ्या कुणाचा अनुभव वापरत असाल तर त्या व्यक्तीला पूर्ण शब्द लिहून दाखवा, चालीसकट ऐकवा. गाव, नातं आणि काळ हे तिन्ही बदला. एकच बदलून ओळख लपत नाही. गाणं बाहेर पडेपर्यंत ‘नको’ म्हणायचा हक्क त्यांचा आहे, हे आधीच सांगून ठेवा. आत्महत्येचा उल्लेख येणार असेल तर पद्धत कधीही सांगू नका आणि मरणाला सुटका म्हणून रंगवू नका.

एखादं कडवं मुद्दाम बदलतं ठेवता येतं. टॉम रॉबिन्सन या ब्रिटिश गायकानं १९७८ च्या ‘ग्लॅड टू बी गे’ या गाण्याचे शब्द पुढे अनेक वर्षं, काळाप्रमाणे बदलत नेले. ध्रुवपद तेच, कडव्यातल्या घटना नव्या. त्यासाठी त्या कडव्याची चाल साधी, जवळजवळ बोलण्यासारखी ठेवा, म्हणजे नवे शब्द बसवताना ओढाताण होत नाही.

ठेका

या गाण्यांत नाचाचा ठेका शोभेसाठी येत नाही. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटानं उडवला गेला. डिस्को हे मुख्यतः काळ्या, लॅटिनो आणि समलैंगिक लोकांचं संगीत होतं, आणि तो राग कुणावर होता हे अनेकांना तेव्हाच कळलं होतं. त्याच शहरातल्या ‘वेअरहाउस’ क्लबात डीजे फ्रँकी नकल्स वाजवत असे. तिथून हाउस हे क्लबातल्या नाचाचं संगीत वाढलं. दर ठोक्याला किक ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), न थांबता: ज्यांच्या अंगाला बाहेर सतत ‘नीट वाग’ सांगितलं जातं त्या अंगाला इथं कुणी थांबवत नाही.

मिनिटाला १२० ठोके घ्या. चार ठोक्यांचा बार दोन सेकंदांचा होतो आणि हिशेब सोपा राहतो. सुरुवात ४ बार, कडवं १६, चढण (ध्रुवपदाकडे नेणारा भाग) ८, ध्रुवपद १६, दुसरं कडवं ८, चढण ८, ध्रुवपद १६, ब्रिज ८, शेवटचं ध्रुवपद १६. एकूण १०० बार, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद, आणि पहिलं ध्रुवपद ५६ सेकंदांनी. शेवटच्या कडव्यात क्रियापद बदलणार असाल तर ब्रिजच्या ८ बारांनंतर आणखी ८ त्या कडव्याला द्या. दुसरं कडवं निम्मंच आहे हे मुद्दाम. दुःख दुसऱ्यांदा तितकंच लांब सांगितलं की पाय थांबतात.

आवाज आणि पट्टी

पुरुषाचा आवाज खाली आणि बाईचा वर, हीसुद्धा एक सक्तीच आहे, आणि ती पट्टी निवडतानाच मोडता येते. पेटीवर पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास षड्ज धरतात, बायका काळी चार किंवा पाचच्या. षड्ज पांढरी तीन ते काळी तीनच्या दरम्यान ठेवून दोघांनी एकाच सप्तकात गायलं की पुरुषाला वर चढावं लागतं आणि बाईला खाली उतरावं लागतं, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. बोलताना साधारण १४५ ते १७५ हर्ट्झमधला आवाज स्त्रीचा की पुरुषाचा हे कानाला चटकन ठरवता येत नाही. कडव्याचे सूर त्या टापूत ठेवले तर तसाच काहीसा परिणाम मिळू शकतो.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, घेणाऱ्या गायकाच्या स्वरपट्ट्या जाड होतात आणि आवाज काही महिन्यांत उतरत जातो. या काळात वरचे सूर अचानक फुटतात. जोर लावून ते काढू नयेत. दर दोन महिन्यांनी पट्टी नव्यानं ठरवावी आणि रेकॉर्डिंगच्या आठवड्यात पुन्हा तपासावी. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकानं मात्र एकदा फुटलेला आवाज परत चढत नाही; तिथं काम करतो तो सराव, मुख्यतः जिभेची, घशाची आणि ओठांची ठेवण बदलण्याचा. कुणाला घाई असेल तर हे आधी सांगावं, म्हणजे गायिका स्वतःच्या गळ्याला दोष देत बसत नाही.

छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर घालणाऱ्यांनी रेकॉर्डिंगच्या वेळी तो काढावा किंवा सैल, मोठ्या मापाचा घालावा. बरगड्या पसरल्या नाहीत तर श्वास खांद्यातून घेतला जातो आणि ओळीच्या शेवटी सूर खाली पडतो. लवचिक बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळून गाऊ नये. श्वास घेताना ती सैल होत नाही, उलट आवळत जाते.

सॉफ्टवेअरनं सूर हलवायचा असेल तर दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत आवाज माणसाचा राहतो, पुढे तो खेळण्यातला होतो. सुराऐवजी फॉर्मंट, म्हणजे घशा-तोंडाच्या पोकळीनं आवाजाला दिलेला आकार, थोडा हलवून पाहा. वय आणि लिंग दोन्ही धूसर होतात आणि चाल जागेवर राहते.

चोवीस आवाज

एकट्यानं गायलेलं ध्रुवपद ही कबुली वाटते, अनेकांनी गायलेलं ठराव वाटतं. सहा माणसं पुरतात. तीच ओळ चार वेळा गाऊन घ्या: पहिल्यांदा माइकपासून एक मीटरवर, मग दोन मीटरवर, मग जागा अदलाबदल करून, शेवटी थोडं हसत, ओरडत. चोवीस आवाज झाले. सगळ्यांनी अगदी एकत्र सुरुवात करायची गरज नाही, पण ‘स’ आणि ‘च’ दोघा-तिघांनीच म्हणावेत. चोवीस ‘स’ एकत्र आले की सापासारखा फुत्कार होतो.

याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. ज्यांना घरी सांगता आलेलं नाही त्यांनाही या गाण्यात जागा मिळते. चोवीसांत एकच आवाज ओळखू येत नाही. फक्त कुणालाही डाव्या-उजव्या टोकाला एकटं ठेवू नका. जे येऊ शकत नाहीत ते फोनवर रेकॉर्ड करून पाठवू शकतात: कानात हेडफोन, त्यात ट्रॅक, सुरुवातीला चार टाळ्या म्हणजे जुळवता येतं. व्हॉइस नोट नको, आवाज पिचतो. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. आल्या आल्या फाइलचं नाव ‘आवाज ०७’ असं करा आणि मूळ संदेश पुसा.

बाहेर सोडताना

सगळ्यात जास्त दुखावणारी चूक फॉर्म भरताना होते. वितरण करणाऱ्या सेवा बहुधा गीतकार-संगीतकाराचं पूर्ण नाव मागतात आणि ते श्रेयनामावलीत दिसतं. घाईत कागदोपत्री नाव टाकलं की ज्या नावातून माणूस बाहेर पडलाय तेच जगभर पोचतं, आणि तिथून गाण्यांचे शब्द देणाऱ्या साइट्स ते उचलतात. नंतर दुरुस्त केलं तरी प्रती उरतात. अपलोडच्या आधी प्रत्येकाला विचारा: कोणतं नाव, कोणत्या लिपीत, की नावच नको? फोटोतली जागेची माहिती काढा, व्हिडिओत खिडकीबाहेरचं दृश्य आणि गणवेश तपासा.

प्रतिक्रियांसाठी अडवायच्या शब्दांची यादी आधीच भरा, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत. शिव्या रोमनमध्ये चार-पाच तऱ्हांनी लिहिल्या जातात. पहिले काही दिवस प्रतिक्रिया दोघांनी आळीपाळीनं वाचाव्यात. गाणाऱ्यानं वाचू नयेत.

वर्णनाची जागा रिकामी सोडू नका. ब्रॉन्स्की बीट या ब्रिटिश बँडनं १९८४ च्या ‘द एज ऑफ कन्सेंट’ या अल्बमच्या आतल्या पाकिटावर वेगवेगळ्या देशांत समलिंगी संबंधांसाठी कायद्यानं ठरवलेली वयं छापली होती. गाणं ऐकून कुणी पहिल्यांदाच स्वतःबद्दल विचार करत असेल तर त्याच पानावर मदतीचा क्रमांक हवा. टाकण्याआधी तो स्वतः फिरवून पाहा, कधी उचलतात आणि कोणत्या भाषेत बोलतात ते लिहा.

मंचावर

निवेदकाला नुसतं नाव लिहून देणं पुरत नाही. तो माइकवर ‘आता येतोय’ म्हणतो आणि गाण्याआधीच सगळं मोडतं. क्रियापदासकट पूर्ण वाक्य लिहून द्या. गाणाऱ्यानं ‘येतोय’ किंवा ‘येतेय’ ठरवलेलं नसेल तर ‘आता आपल्यासमोर येत आहेत’ हे आदराचं रूप तिन्ही बाजूंनी सुरक्षित आहे. दारावरच्या माणसाशी आधी बोला, बाहेर पडायचे दोन रस्ते पाहून ठेवा, परत जाताना दोघा-दोघांनी जा, आणि आत्ता कुठं आहोत हे निघून गेल्यावरच पोस्ट करा. ज्यांना फोटो नको त्यांना प्रवेशालाच एका रंगाची पट्टी द्या आणि तो रंग फोटोग्राफरला दाखवा.

शेवटच्या ध्रुवपदासाठी एक जागा रिकामी ठेवा. ओळ ‘ओ देत देत मी आ...’ इथपर्यंत आणा, ‘आ’ दोन बार लांबवा, शेवटचं अक्षर गाऊ नका आणि माइक लोकांकडे करा. कुणी ‘लो’ म्हणेल, कुणी ‘ले’, कुणी ‘लं’. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा: त्या बारात किक ड्रम बंद, रिव्हर्ब (आवाजाची घुमणूक) बंद, नाहीतर ती सरमिसळ ऐकूच येत नाही.